येसूमावशीचं लांबडं गाणं

माझ्या येसूमावशीचा आवाज चांगला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. हल्ली कुणीही उठतो आणि म्हणतो, काय गोड गळा होता बाईंचा. साफ खोटं. जात्यात खडा आला की कसा आवाज होतो, तसा तिचा आवाज. खोपोलीचे एक गायनमास्तर तिला एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही सुरात नाही." ती म्हणाली, "सूर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या मास्तर. आमच्याकडं जोर हाय." मास्तर पुन्हा आले नाहीत. बरंच झालं, चहा वाचला.

नवक्रांती गायन पार्टी, आवळखिंड. कर्जत-खोपोली रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांचा वाडा. सत्तावन्न साली निघालेली पार्टी अजून चालू आहे. पेटीवाले गेले, ढोलकीवाले गेले, कोरस तर किती वेळा बदलला ते मलाही आठवत नाही. पहिल्या दिवसापासून मरेपर्यंत राहिली ती एकटी मावशी.

सुरुवात डफापासून झाली. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान सखा, यांच्या घराकडे शिमग्याच्या पालखीपुढे डफ वाजवायचा मान होता. गाव त्याला मान म्हणायचं. पालखीपासून दहा हात लांब उभं राहायचं, बोटं सुजेपर्यंत वाजवायचं आणि घरी जाताना पसरलेल्या पदरात वरून पडेल ते घ्यायचं. असला मान ज्याला हवा त्याने आपल्या घरी न्यावा. छप्पन सालच्या थंडीत आमच्या वाड्याने दीक्षा घेतली आणि पुढच्या शिमग्याला पालखी आली, डफ आला नाही.

मग गावाने आमच्यावर बहिष्कार टाकला. वाण्याने मीठ बंद केलं, शेतावरची कामं बंद झाली. आमचा झरा चैत्रात आटायचा. तेव्हा वरच्या विहिरीवर जाऊन घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. ते ओतणंही बंद झालं. एका संध्याकाळी काका डफ मांडीवर घेऊन रिकामे बसले होते. मावशी चुलीपुढून उठली आणि उभ्या उभ्या म्हणाली:

डफ आमचा, हात आमचा,
देव तुमचा, मान तुमचा.
एक दिस हात आखडला,
गाव सारा अंगावं धावला.

काकांनी डफावर थाप मारली. शेजारच्या धोंडीमामाकडे जुनी पेटी होती, तिच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. तो ती घेऊन आला. धुरपदही त्याच दिवशी झालं: "गप राहून काय मिळालं, होतं तेवढंबी जळालं." एवढीच आमच्या पार्टीची स्थापना. हार नाही, नारळ नाही.

पुढे पोरं येऊ लागली तेव्हा मावशीने नियम केला. पेटी येते का, ढोलकी येते का, हे ती विचारायची नाही. ती विचारायची, "तुजा राग कंचा?" ज्याला पार्टीत यायचं त्याने आपल्यावर गुदरलेल्या एका गोष्टीचं कडवं आणायचं. दुसऱ्याचं चालायचं नाही आणि ऐकीव तर मुळीच नाही. ते कडवं त्या एकाच गाण्याला जोडायचं. धोंडीमामाने कर्जतच्या हॉटेलात कुडाला अडकवलेला, कान तुटलेला, आमच्यासाठी वेगळा ठेवलेला कप कडव्यात आणला. माझं कडवं शाळेच्या ओट्याचं होतं, कारण वर्गात मला जागा नव्हती. माणूस पार्टी सोडून गेला तरी कडवं जायचं नाही. म्हणून गाणं वाढत गेलं. लोक त्याला लांबडं म्हणायचे. खालापूरपर्यंत कुठेही गेलो की मागून कुणीतरी ओरडायचं, "आता लांबडं लावा."

एकसष्ट साली कमळ्या आला. त्याचा गळा मात्र खरंच गोड. दिसायला देखणा, केस तेल लावून मागे वळवलेले. मावशीने विचारलं, "तुजा राग कंचा?" कमळ्या खाली बघत म्हणाला, "आयचा." त्याची आई चिंधीबाई. बहिष्काराच्या उन्हाळ्यात ती दोन दिवस विहिरीवर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने कुणाची वाट न बघता स्वतःच पोहरा सोडला. कोंडाजी पाटलाने येऊन तिची घागर फोडली आणि तोच पोहऱ्याचा ओला दोर घेऊन तिला मारलं. हे वाड्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं. कमळ्याने कडवं केलं:

चिंधी माझी माय गं,
घागर तिची फोडली,
ओल्या दोरानं कुणी गं
पाठ तिची सोलली.

कमळ्याने हे म्हटलं की बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या. पार्टीचं नाव झालं ते या कडव्याने, हे कबूल करायला हवं. चिंधीबाई मात्र ते कडवं जवळ आलं की दरवेळी उठायची. "चुलीतला जाळ बगून येते," म्हणायची आणि धुरपद सुरू झालं की परत येऊन बसायची. आम्हाला वाटायचं, बिचारीला ऐकवत नाही.

मग आपल्या निळ्या झेंड्याच्या पक्षाचे तुकडे झाले. पार्टीत दोन गट पडले आणि दोघांनाही गाण्यात आपापल्या पुढाऱ्याचं नाव हवं झालं. मावशी म्हणाली, "पुढाऱ्यानं सोताचं कडवं आणावं. त्याला कुनी मारलाय?" त्यावर एक गट रुसला आणि पेटी उचलायला आला. मावशी पेटीच्या खोक्यावर बसली ती उठेचना. तिथेच भाकरी खाल्ली, तिथेच तांदूळ निवडले. शेवटी तो गट पेटीशिवाय गेला. धोंडीमामा मुंबईला गिरणीत गेला. अडुसष्ट साली काका काविळीने गेले. तेराव्याची कटकट आता नव्हती, तरी माणसं जीभ चालवायला आलीच. विधवा बाईने ढोलकी बांधली म्हणून नावं ठेवणारे आपलेच होते. दीक्षा अंगाला झाली, जिभेला व्हायची राहिली.

बहात्तर साली कमळ्या खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. मग युनियन, मग पांढरे कपडे, मग कमळ्याचा कमलाकरराव. जाऊ दे, माणसाने वर जावं. पण एकोणऐंशीच्या चैत्रात तो जीप घेऊन आमच्या अंगणात आला. पंचायत समितीच्या निवडणुका तोंडावर होत्या. मावशी सुपात तांदूळ पाखडत होती.

"जय भीम वैनी. यंदा जयंतीला मांडव माझा, कर्णा माझा."

"बरं."

"पार्टी आपलीच म्हना. आता पोरं नवी हायेत, गानीबी नवी झाली पायजेत. जुनं किती दिस उगाळायचं."

"कमळ्या, ताकाला आलास तर भांडं लपवू नगंस."

तो हसला. मग म्हणाला, "माजं कडवं काडा. कोंडाजी पाटील स्टेजवर बसनार हाय. त्यानं मला पाठिंबा दिलाय. वरच्या आळीची सगळी मतं हायेत."

मावशीचं सूप थांबलं. मला वाटलं, आता ते त्याच्या डोक्यात जातंय.

"ज्यानं तुज्या आयला मारली, त्याच्या मतांवर तू निवडून येनार?"

"त्यानंच मारली असं कडव्यात कुटं लिवलंय? आनि कडवं माजं हाय, मी माघारी घेतो."

"येताना आनलंस, जाताना ठिवून गेलास. आता ते पार्टीचं हाय."

"मग आयलाच इचारा," कमळ्या जीपकडे जाताना म्हणाला. "तिलाबी नकोय ते."

आमचा ढोलकीवाला सदू तिथेच उभा होता. तो म्हणाला, "काकी, एका कडव्यानं काय अडतंय? कर्णा कोन देतो आपल्याला?" मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चपला विसरून गेला. मला आजही त्या सदूचा राग येतो. कमळ्याला निदान खुर्ची मिळणार होती. हा एका कर्ण्यावर विकला जात होता.

चिंधीबाई अजून वाड्यातच, जुन्या घरात राहायची. मुलाच्या खोपोलीच्या घरी तिला करमत नसे. मावशी तरातरा निघाली, मी मागोमाग. चिंधीबाई दारात लाकडं फोडत होती. मावशीने जय भीमही घातला नाही.

"आक्का, तुला कडवं नको हाय?"

"नको हाय," चिंधीबाई म्हणाली.

"पोराच्या खुर्चीपाई तूबी इसरलीस?"

चिंधीबाईने कोयता खाली ठेवला. ती कधी मोठ्याने बोलायची नाही. तेव्हाही बोलली नाही.

"येसू, विहिरीवर मला एकदा मारली. तवापासून तुमी दर साली स्टेजावर मारता. खालापुरात मारली, खोपोलीत मारली. लोकं चुकचुकत्यात आनि माना वळवून माजी पाठ बगत्यात. मी बाजारात गेली तर म्हनत्यात, ती बग, चिंधी. आनि मारनारा कुटं हाय? कुनी, म्हनं. त्याला काय नाव नव्हतं? त्याचं नाव सगळ्यांनी झाकलंनी, माजं तेवडं उगडं टाकलंनी."

मावशी दारातच खाली बसली.

"पोरगा तवा भ्याला, मी त्याला बोल लावत नाय," चिंधीबाई म्हणाली. "पर तू तर कुनाला भीत नाय म्हनतेस. तू का नाय इचारलंस मला?"

पाटलाला, मास्तरला, पुढाऱ्याला जी सरळ तोंडावर बोलायची, ती एका लाकडं फोडणाऱ्या बाईपुढे मान खाली घालून तिची लाकडं गोळा करायला लागली. इतकी वर्षं आम्ही राग राग म्हणून गात होतो, आणि ज्या बाईचा तो राग होता तिला कुणी विचारलंही नव्हतं. नियम मोठा केला होता ना, दुसऱ्याचं चालायचं नाही म्हणून! पोराने आईचं आणलं आणि गोड गळ्यापुढे आम्ही सगळे भुललो.

"मग काय करू, सांग," मावशी शेवटी म्हणाली.

"माजं नाव काड. त्याचं घाल."

जयंतीच्या आदल्या दिवशी मावशीने पार्टीला सांगितलं, "चिंधीबाईचं नाव गान्यातनं काडलंय." सदू सायकल काढून खोपोलीला निरोप द्यायला पळाला. कुणी अधिक विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

दिवेलागणीला मांडव भरला. स्टेजवर खुर्च्या मांडलेल्या, मधल्या खुर्चीवर कमलाकरराव आणि शेजारी कोंडाजी पाटील. पाटील म्हातारा झाला होता, पण हार घालून घेताना मान तशीच ताठ. कमळ्याने वाकून त्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघे हसले. चिंधीबाई बायकांत पुढे बसली होती. लोक ओरडले, "लांबडं, लांबडं लावा." मावशीने डफ घेतला. काकांचाच तो जुना डफ.

एकेक कडवं गेलं. डफ, कप, ओटा. पुढचं कडवं आलं तेव्हा मी चिंधीबाईकडे बघितलं. ती उठली नाही. मावशी माईकपाशी सरकली आणि खडा आलेल्या त्या आवाजात म्हणाली:

कोंडाजी नाव त्याचं,
घागर त्यानं फोडली,
ओल्या दोरानं कोंडाजीनं
पाठ बाईची सोलली.

सदूची ढोलकी थांबली. मांडवात कुणी चुकचुकलं नाही, कुणी पदर डोळ्याला लावला नाही. सगळ्या माना वळल्या, पण या वेळी चिंधीबाईकडे नाही, स्टेजवरच्या मधल्या खुर्च्यांकडे. पाटलाचा हात हारापाशी गेला आणि तिथेच राहिला. कमळ्याने कर्णेवाल्याकडे बोट केलं आणि कर्णा बंद पडला. त्याने काय होणार होतं? मावशीला कर्णा कधी लागला होता? तिने तेच कडवं पुन्हा म्हटलं, आणि धुरपद बायकांनी उचललं. गप राहून काय मिळालं. पाटील उठला तेव्हा त्याला वाट द्यायला कुणी पाय आवरले नाहीत. त्याला एकेकीला वळसा घालून जावं लागलं.

कमळ्या स्टेजवरून उतरून आईपुढे उभा राहिला. "आय, काय केलंस तू?" चिंधीबाई म्हणाली, "तुजं कडवं तू माघारी घेतलंस ना? हे माजं हाय."

कमळ्या निवडून आला. उगाच खोटं कशाला सांगू? वरच्या आळीची मतं त्याला मिळाली, पाटलाने शब्द पाळला. असल्या बाबतीत त्यांचे शब्द बरोबर पाळले जातात. सदूने दुसऱ्याच दिवशी पार्टी सोडली, कोरसातली दोघं त्याच्या मागे गेली. वाड्यातल्या शहाण्यांनी पुन्हा एकदा सांगितलं की पार्टी मोडली.

पुढच्या आठवड्यात सरावाला आम्ही दोघीच बसलो होतो. मावशी ढोलकीची दोरी ओढत सगळ्यांना शिव्या घालत होती. चिंधीबाई आली. जय भीम करून कोपऱ्यात बसली आणि भिंतीवरची झांज तिने खाली काढली.

मी चेष्टेने म्हटलं, "आक्का, पार्टीत यायचं तर कडवं आणायला लागतं."

"दिलंय की," ती म्हणाली, आणि तिने झांज पदराने पुसली.