समोरच्याचा सूर

क्वीन्सलँडमधल्या आमच्या मांस कारखान्यात मी हिशेब बघतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. इतक्या वर्षांत कुणावर आवाज चढवला नव्हता. तालिआईच्या प्रकरणात चढवला आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

तालिआई टोंगाचा. हाडं काढण्याच्या विभागात सुरी चालवतो. इंग्रजी तो इथेच शिकला. इथले लोक माशा तोंडात जातील अशा भीतीने ओठ मिटून बोलतात, त्यांच्याशी तो तसाच नाकातून बोले. पॅकिंगमधल्या व्हिएतनामी बायकांशी शब्दांची टोकं गिळून. माझ्याशी माझ्यासारखा, रेंगाळत. टोंगात राजाशी बोलायचे शब्द वेगळे, सरदाराशी वेगळे, शेजाऱ्याशी वेगळे. ज्याचा जसा मान तसं बोलायचं, हे वळण लहानपणीच लागतं. इंग्रजीत तसे शब्द सापडेनात, म्हणून त्याने समोरच्याचा सूर उचलला.

मग स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून रेनी सुपरवायझर म्हणून आला. थोड्याच दिवसांत तालिआई त्याच्यापुढे त्याच्यासारखाच 'र' घोळवू लागला. बाकीचे फिदीफिदी हसले. हा आपली नक्कल करतो, याला काढा, असं रेनीने मॅनेजर प्रॅटबाईंना सांगितलं. तालिआईचा व्हिसा याच नोकरीवर आहे. नोकरी गेली की बायको लोसे हिला घेऊन माघारी जाणं आलं.

प्रॅटबाईंपुढच्या सुनावणीला तालिआईच्या बाजूने बोलायला मी गेलो. तालिआई कमरेला चटई गुंडाळून आला. मोठ्या माणसापुढे जाताना त्यांच्यात ती गुंडाळतातच. दर रविवारी चर्चला जाताना सगळं गाव ती बघतं.

"बघा," रेनी म्हणाला, "आता सोंग घेऊनच आलाय."

तालिआईने मान खाली घातली. "चुकलो, साहेब. तुमचा मान ठेवायला गेलो." हेसुद्धा ग्लासगोच्याच सुरात.

माझं डोकं फिरलं. "रेनी, हा माझ्याशी माझ्यासारखा बोलतो. मला कधी टिंगल वाटली नाही. तुला वाटते, कारण तुझं बोलणं तुलाच हसण्यासारखं वाटतं."

"नेव्हिल, खाली बस," प्रॅटबाई म्हणाल्या.

मी उभाच राहिलो. बाईंनी निकाल दिला: नोकरी राहील, पण यापुढे तालिआईने कुणासारखंही बोलायचं नाही, नीट बोलायचं. नीट म्हणजे कुणासारखं, असं मी ओरडून विचारलं. बाईंनी दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी तालिआई सुट्टी मागायला माझ्या खिडकीशी आला. एरवी रग्बीवरून अर्धा तास कुरकुरल्याशिवाय हलायचा नाही. आज एकेक शब्द सुटा, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. लोसे कशी आहे, विचारलं.

"ती बरी आहे. धन्यवाद."

"माझ्याशी तरी नीट बोल की रे."

त्याने रेनीच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं.

"हेच नीट आहे, नेव्हिल," तो म्हणाला आणि सुरी घासायला निघून गेला.