खाडीच्या रेतीत रोवलेले आरसे

प्रमोदिनी ओक डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, भिंगांच्या कारखान्यात नोकरीला होत्या. दिवसभर भिंगं तपासायच्या आणि मालकाने मोठ्या मनाने दिलेल्या बिनखिडकीच्या खोलीत संध्याकाळी स्वतःचं संशोधन करायच्या. सूक्ष्मदर्शकाला एकच दिसणाऱ्या दोन रेघा लेझरच्या उजेडात वेगळ्या दाखवायच्या, हा ध्यास. तसा एक स्वच्छ फोटो मिळाला की पीएच.डी., आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा. सात वर्षं फोटो पुसटच येत होता.

एका फोटोला चाळीस मिनिटं लागत. तेवढ्यात आरसा केसाच्या हजाराव्या भागाइतका हलला तरी मेहनत पाण्यात. आणि शेजारी पत्रा ठोकणारी प्रेस तिन्ही पाळ्या धडधडायची! शुक्रवारी ती बंद, पण त्या दिवशी अख्ख्या वसाहतीची वीजच बंद. लेझर लावणार कशावर? बाई पुरत्या कोंडल्या होत्या.

हादरे जिरावेत म्हणून त्यांनी आरसे रेतीच्या मोठ्या पेटीत रोवले होते. रेती आणून दिली होती गुणाजीने. खाडीकाठचा कोळी, मासा मिळेना म्हणून त्याच प्रेसवर लागलेला.

ब्याण्णव साली विद्यापीठाने पुढच्या मार्चपर्यंतची शेवटची मुदत दिली, तशा बाई हात धुऊन प्रेसच्या मागे लागल्या. अर्जांवर अर्ज, तपासणीवर तपासणी. डिसेंबरात प्रेसला टाळं लागलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले.

मग शांततेत पहिला फोटो काढला. पुसट. दुसरा, पुसट. नववाही पुसट.

प्रेसमधलं आपलं सामान न्यायला आलेला गुणाजी डोकावला, तर बाई डोकं धरून बसलेल्या. त्याने पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळची मूठभर रेती काढली.

"ओलीच हाय."

"ओली कशी असेल? मी कधी पाणी घातलं नाही."

"खाडीची हाय ना बाय, खारी. हवेतलं पानी वढते. कंदी सुकत नाय, हलूहलू बसत जाते."

"अरे, मग सात वर्षांत बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलंच नाय. मना वाटलं, तुमाला अशीच पायजे."

बाईंना रडू फुटलं. आरसे हलवत होती ती ही रेती, आणि इतकी वर्षं शिव्या घातल्या त्या भलत्याच्याच नावाने. रेती गोड्या पाण्याने धुऊन वाळवली तर मार्चच्या आत फोटो होईल, हे त्यांना कळलं होतं. पण ते या माणसासमोर बोलायला तोंड उरलं नव्हतं.

गुणाजीनेच बाही वर सारली.

"धुऊन देऊ का, बाय? आता मना दुसरा काय काम नाय."