आत्याची हनुवटी आणि माझी

चाळिशीच्या आसपास माझ्या हनुवटीवर काळे, राठ केस उगवायला लागले. मला आधी दिसलेच नाहीत, आत्याला दिसले. माझं सासर वर्ध्याजवळच्या सेलूत, आणि वडिलांची ही बहीणही तिथंच दोन गल्ल्या सोडून राहते. तिनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "काऊन वं, दाढी ठेवून राह्यली का?"

"तुझ्या हनुवटीवर काय आहे मग?"

"माहे पिकले हायेत. पिकल्याले कोनी हसत नाई."

शेवटी मी वर्ध्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे लेझर करायला निघाले, तर ही सोबतीला म्हणून आली आणि माझ्याआधी जाऊन खुर्चीत बसली. "माह्यापासून सुरू करा."

बाई हसल्या. "मावशी, लेझर केसातला काळा रंग पकडतं आणि त्यावाटे मूळ भाजतं. पांढऱ्यात रंगच नाही, पकडणार काय?"

"मंग कलप लावून येतो."

"कलप वरच्या केसाला लागतो, आतल्या मुळाला नाही."

"म्हनजे काळ्याचंच मरन!" म्हणत आत्या उठली.

माझी हनुवटी बाईंना पसंत पडली. गालांवरची मऊ, फिकी लव मात्र त्यांनी तशीच ठेवायला सांगितली; तिच्यावर लेझर मारलं तर कधीकधी ती उलट जाड होते म्हणे. "आणि कायमचं म्हणजे एकही येणार नाही असं नाही. कमी होतील, बारीक होतील. हार्मोन बदलले की नवेही येतात." मी मान डोलावली. ऐकलं मात्र 'कायमचं' एवढंच.

दर महिन्याला जावं लागे, आणि दर वेळी रबराचा फटका बसावा तसं चटचट लागायचं. पण हनुवटी गुळगुळीत झाली आणि हळदीकुंकवाला मी ती जरा वर करूनच हिंडले. वर्षभरानं तिथंच एक बारीक केस दिसला. मागोमाग दुसरा. मी रडवेली होऊन आत्याकडे गेले.

ती तूर निवडत होती. "अवं, एकदा निंदलं म्हून वावरात गवत येत नाई का? आधी जंगल होतं, आता दोन काड्या हायेत. त्यासाठी रडून राह्यली!"

हसू आलंच. आता अधूनमधून वर्ध्याला जाऊन मी त्या काड्या काढून घेते. आत्याचे पांढरे मात्र माझ्याकडेच आहेत, दुपारी अंगणात चिमटा घेऊन बसते आणि ती ओरडते, "हळू वं माय, केस उपट, कातडं नोको!"