जमीनवाली बिगरशेतकरी

हात्सुएआजीला कुणी शिवी दिली, तर ती दोन परत द्यायची आणि विसरून जायची. पण ऑक्टोबरातल्या एका सकाळी नगरपालिकेच्या शेतजमीन समितीचे निशिवाकी साहेब तिच्या उंबऱ्यावर टेकले, गुडघ्यावर फाईल उघडली आणि जे दोन शब्द बोलले, ते काही तिच्या घशाखाली उतरेनात.

साहेब म्हणाले, "आजी, यापुढे कागदोपत्री तुम्ही जमीनवाली बिगरशेतकरी."

झालं होतं ते असं. दर शरदात ही समितीची माणसं दरीतून फेरी मारायची आणि कुठलं शेत जितं आहे, कुठलं मेलं, ते लिहून न्यायची. आजीच्या उतारावरच्या पायरी-पायरीच्या शेतात, सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर चार वर्षांपूर्वी रानडुकरं शिरली होती. त्यांच्यामागून बांबू आला, बांबूवर वेल चढले. साहेबांनी खालूनच पाहिलं आणि लिहिलं, 'पुन्हा शेत होणे नाही'. मग नोंदवहीत 'भातशेत' खोडून 'डोंगर' असं केलं. डोंगर फोडून शेत करायला आजीच्या सासरच्या कुराशिगे घराण्याच्या चार पिढ्या गेल्या होत्या, शेताचा डोंगर करायला एक बॉलपेन पुरलं.

उरले साडेनऊ गुंठे. आणि शेतकरी म्हणून मोजलं जायला दहा लागतात.

"पण मी जे पिकवते ते काय आहे?" आजीनं विचारलं.

"भात."

"आणि भात पिकवणाऱ्याला काय म्हणतात?"

साहेबांनी फाईल चाळली. मग विषय बदलावा म्हणून ते देशाचं रडगाणं गाऊ लागले. साठ वर्षांत देशाची जवळजवळ तीस टक्के शेतजमीन गेली, आलेखाची रेघ सारखी खालीच येते, वरचे लोक चिंतेत आहेत. बोलताना ते आजीकडे असे बघत होते, की जणू ती तीस टक्के हिनंच कुठंतरी दडवली असावी.

आजीला हसावं की रडावं कळेना. ती समुद्रकाठची, कोळ्याची पोर. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन या कुरेसावा वाडीत आली, तेव्हा तिला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. पहिल्याच वर्षी तिनं सासूच्या डोळ्यांदेखत अर्धी ओळ भात उपटून गवत राखलं होतं. तेव्हा घरची जमीन होती बेचाळीस गुंठे. सहा गुंठे सरकारनं रस्ता रुंद करायला घेतले. मग सरकारच म्हणालं, तांदूळ फार झाला, भात लावू नका, म्हणून नवऱ्यानं चौदा गुंठ्यांत देवदार लावले. त्या झाडांना आता कुणी विचारत नाही, वसंतात परागांनी सगळ्या वाडीला शिंका आणण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. वरचे साडेबारा डुकरांनी खाल्ले. म्हणजे देशाच्या आलेखाची रेघ कशी खाली आली हे कुणाला बघायचं असेल, तर त्यानं आजीच्या ओसरीवर येऊन बसावं. पण वरचे लोक चिंता करतात, येऊन बसत नाहीत.

नुसत्या नावाचा प्रश्न असता, तर आजीनं साहेबांच्या नावानं चार दिवस बोटं मोडली असती आणि गप्प बसली असती. पण वाडीच्या तळ्याच्या पाण्याची किल्ली तिच्याकडे होती. वाडीचा नियम जुना आणि सरळ होता. किल्ली राहणार वयानं सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याकडे. मे महिन्यात तोच झडप उघडणार आणि कुणाच्या शेतात आधी पाणी जाणार हे तोच ठरवणार. एकोणीस वर्षं ते आजी ठरवत आली होती. फेब्रुवारीत दर पाच वर्षांनी होणारी शेतीची गणना यायची होती. तिच्या कागदावर 'बिगरशेतकरी' असं चढलं, की किल्ली जाणार तिच्याहून दोन वर्षांनी धाकट्या सेन्किची ओनोदेराकडे.

हा सेन्किची म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याचा बालमित्र आणि तिचा बांधाला बांध लागून शेजारी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, घरी एकटाच. वीस वर्षं त्याचा त्या किल्लीवर डोळा होता. त्यात यंदा गणनेचा कारकून म्हणून नगरपालिकेनं त्यालाच नेमलं होतं, दंडाला पट्टी आणि गळ्यात ओळखपत्र देऊन. आजीला वाटलं, देव आहे, पण तो थट्टेखोर आहे.

आता एक गोष्ट कुरेसावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारनं करासाठी जमिनी मोजायला लावल्या, तेव्हा मोजणीचा दोर गावकऱ्यांच्याच हातात होता. दोर असा काही ताणला गेला, की अकरा गुंठ्यांचं शेत कागदावर साडेनवाचं झालं. या करामतीला तिथं 'दोरताण' म्हणायचे. प्रत्येक घराण्यात एखादा दोर ताणणारा पूर्वज होताच. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुराशिगेंचा होता गेंबेई, नवऱ्याचा खापरपणजोबा.

त्या संध्याकाळी आजी देवघरापुढे बसली. पूर्वजांना उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि गेंबेईच्या नावाच्या लाकडी पाटीकडे बघून म्हणाली, "मामंजी, चोरी केलीत ते बरंच केलंत, पोरंबाळं जगली. पण हावरटपणा का केलात? अर्धा गुंठा कमी चोरला असता, तर आज मी शेतकरी असते."

मग आजीनं ठरवलं, शेत नव्यानं मोजून घ्यायचं. लागो बदनामी. दीडशे वर्षांच्या चोराला कुणी तुरुंगात घालत नाही.

हे तिनं मुद्दाम डिसेंबरातल्या वाडीच्या सभेत सांगितलं, चहा ओतता ओतता, हवापाण्याचं बोलावं तसं. वाडीतल्या सातही घरांची पाचावर धारण बसली. कारण एक शेत मोजायचं तर चारी बाजूंचे शेजारी बांधावर उभे करावे लागतात आणि एकाची मोजणी झाली की शेजाऱ्याचीही हद्द सरकते. एकदा फीत जमिनीला लागली, की सातही घरांचे पूर्वज उघडे पडणार आणि वर वाढीव कर बसणार. सगळ्या देशाची शेतजमीन आटत असताना एकट्या कुरेसावाची फुगली, तर वरचे लोक चिंता सोडून खरोखरच येऊन बसतील.

दुसऱ्या दिवसापासून आजीच्या ओसरीवर रीघ लागली. कुणी वाळवलेली तेंडूफळं आणली, कुणी घरी मुरवलेला सोयाबीनचा मिसो, कुणी आपल्या हातानं तिच्या छपरावरचं बर्फ ओढलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, गेंबेईबुवांच्या आत्म्याला कशाला त्रास द्यायचा. आजी प्रत्येकाला म्हणायची, "बघते हं, विचार करते." आणि तेंडूफळं फडताळात ठेवायची. दहाबारा दिवस तिनं विचार केला. फडताळात जागा उरली नाही, तेव्हा सेन्किची आला.

तो रिकाम्या हातानं आला. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, उबेत पाय सरकवून बसला आणि गणनेची पुस्तिका काढली. त्यात लिहिलं होतं, स्वतःची असो की दुसऱ्याची कसायला घेतलेली, दोन्ही मोजायची. त्याची एक चिमुकली पायरी आजीच्या शेताला लागून होती, बरोबर अर्धा गुंठा. ती तो तिला कसायला देणार होता.

"त्या बदल्यात मोजणीचं खूळ सोडा, वहिनी."

"चिखलाची आहे ती पायरी. बेडूकसुद्धा तिथं नाक मुरडतात."

"अर्धा गुंठा हवाय ना? बेडकांची शिफारस नकोय."

आजीनं होकार दिला, पण आनंद दाखवला नाही. सात घरं त्या रात्री शांत झोपली.

गणना आली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, सेन्किची दंडाला पट्टी लावून अधिकृतपणे आला. पन्नास वर्षांच्या ओळखीनंतर त्यानं तिला तिचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं, आणि तिनंही मुद्दाम दोन वर्षं कमी सांगून त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. मग क्षेत्र आलं. साडेनऊ आणि अर्धा, दहा. त्यानं ते सुबक अक्षरात लिहिलं. शेतकरी.

आजीला इतकं हलकं वाटलं की ती उठून चहाचं पाणी बदलू लागली. आणि पाठमोरी असतानाच तिला हिशेब सुचला. सेन्किचीची जमीन तिला पाठ होती, एकोणीस वर्षं ती तिथं पाणी सोडत होती. कागदावर सव्वादहा. त्यातून अर्धा गेला.

ती किटली हातात घेऊन तशीच वळली. "भावोजी, तुमचा कागद भरलात?"

"सकाळीच."

"पावणेदहा होतात तुमचे."

"होतात ना." त्यानं पेन्सिलीचं टोक तपासलं. "जमीनवाला बिगरशेतकरी. ऐकायला भारदस्त वाटतं, दुकानावर पाटी लावावी असं."

"किल्ली हवी होती ना तुम्हाला? वीस वर्षं?"

"हवी होती. पण वहिनी, तळ्यापर्यंत चढणार कोण?" आणि मग त्यानं कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. गेल्या लावणीच्या वेळी तो चिखलात गुडघ्यावर बसला, तो उठताच येईना. अर्धा तास एक बगळा समोर उभा राहून त्याच्याकडे बघत होता. "शेवटी त्यालाच कंटाळा आला. तो गेला. मग मी रांगत बांधापर्यंत आलो."

आजी हसली नाही. तिला एकदम फार राग आला, त्याचा, गुडघ्याचा, त्या अर्ध्या तासात हाक मारली असती तर ऐकू आली असती अशा आपल्या कानांचा. ती परत कोतात्सूत बसली आणि कागद आपल्याकडे ओढला.

"हा पुढचा रकाना कसला?"

"बाहेरून मदतीला येणारी माणसं. तुमच्याकडे कुणी नाही. रेघ मारतो."

"रेघ मारू नका. लिहा, सेन्किची ओनोदेरा."

"वहिनी, मी कारकून आहे, मला थट्टा लिहिता येत नाही."

"काम लिहा, बांधावर बसून चुका काढणे. ते तुम्ही पन्नास वर्षं फुकट करताय. आता दुपारचं जेवण मिळेल."

सेन्किचीनं चष्मा पुसला. पुन्हा घातला. मग आपल्याच हातानं आपलं नाव त्या रकान्यात लिहिलं, फार हळू, शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं.

"वर्षातले किती दिवस, असं विचारलंय इथं," तो म्हणाला. "किती लिहू?"

"घरी एकटे बसता किती दिवस?"

त्यानं रकान्यात आकडा लिहिला. आजीनं कागद डोळ्यांजवळ धरून तो वाचला, मान डोलावली आणि मुळ्याच्या लोणच्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.