पाठीवरची थाप

मुलीच्या मोबाइलवर एका इंग्रज मल्लाच्या लढती पाहत होतो. ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या या खेळाला त्याच्या देशात कुणी विचारत नव्हतं, तेव्हापासून हा लढत आलेला. शेवटच्या लढतीत तरण्या प्रतिस्पर्ध्याने गळा आवळला, तर याने उलट त्याच्याच पाठीवर थाप मारली.

"गडी दिलदार आहे. शाबासकी देतोय," मी म्हणालो.

"शाबासकी कसली बाबा? थाप मारली म्हणजे हरलो, आता सोड."

मी गोंधळलो. हातगाडीपासून उभ्या केलेल्या दुकानाची वाटणी झाली, त्या दिवशी धाकट्या भावाने माझ्या पाठीवर अशीच थाप मारली होती. धाकट्याने थोरल्याची पाठ थोपटायची? त्या अपमानावरून मी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून मी सौदा ओळखतो, पण तेव्हा रागात त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माजला होता की थकला होता?

"काकालाच विचारा ना," मी हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली.

आता काय विचारणार? खेळात थाप पडली की पंच धावत येऊन दोघांना सोडवतो. वाटणीच्या दिवशी त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.