घोडे सांगून ठेवलेत

आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत रेल्वेतले एक कारकून राहायचे. दर वाक्याला "समजलं ना, भाऊ?" विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलायचे. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, की आम्ही दोघांनी घोड्यांवरून रामनगरपलीकडच्या डोंगरात जायचं, तंबू ठोकायचा आणि गोवऱ्यांवर बाटी भाजायची. गल्लीत समोरून गाय आली की चबुतऱ्यावर चढणारे हे गृहस्थ मला रोज संध्याकाळी लगाम धरायला शिकवू लागले. लगाम म्हणून बायकोच्या परकराची नाडी असायची.

रामनगरात टांगेवाल्याने दोन घोडे तयार ठेवले होते. मी कसाबसा चढलो. हे मात्र आपल्या घोड्याचं खोगीर उचलून आत बघत राहिले.

"मी नाही बसणार," ते म्हणाले.

"घाबरलात?"

"घाबरलोय तर खराच. पण याची पाठ बघा."

खोगिराखाली ओली जखम होती.

"मग याला इथेच सोडू," मी म्हटलं.

"म्हणजे टांगेवाला याला लगेच टांग्याला जुंपेल. पैसे दिलेत, दोन दिवस घोडा आपला. समजलं ना, भाऊ?"

त्यांनी खोगीर टांगेवाल्याच्या हातात दिलं, तंबूचं गाठोडं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि हात होईल तितका लांब करून, घाबरतच लगाम धरला. डोंगरापर्यंत ते पायी चालले. घोडा मागून रिकामा येत होता.

वाटेत एका चहावाल्याने हसून विचारलं, "का बाबूजी, घोड़ा बीमार हौ का?"

"नाहीं भइया," धापा टाकत ते म्हणाले, "छुट्टी पर हौ."