अण्णांचा चौथा सेंड-ऑफ

अण्णा आज सकाळी गेले आणि मला अजून त्यांचा रागच येतोय.

इथल्या, सौदीतल्या यान्बूच्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

जुन्या बंदराजवळ, लाकडी जाळीच्या खिडक्या असलेल्या एका जुन्यापुराण्या दगडी घरात, खालच्या मजल्यावर अण्णांचं हॉटेल. सकाळी इडली, नीर डोसा. दुपारी भात, सार, एक भाजी. तीनला शटर खाली.
मेनू कार्ड नाही. वाद घालायची सोय नाही.

"अण्णा, एक मसाला डोसा."
"नीर डोसा आहे."
"मसाला नाही का?"
"इडली पण आहे."

कुंदापूरकडचे. उमेदीची वर्षं पुण्यातल्या हॉटेलात काढलेली, म्हणून आमच्याशी मराठीतच भांडायचे.
माझा नवरा नाइट शिफ्ट करून घरी आला आणि "भूक नाही" म्हणाला, की कळायचं प्लांटमधून थेट कुठे गेला होता ते.

तर राग कशाचा?

हा माणूस दरवर्षी फायनल एक्झिट घेणार असायचा. इकामा, म्हणजे इथलं राहायचं परमिट, परत, सौदीला रामराम, कायमचं घरी. गावी वनजाक्का, त्यांची बायको, नव्या बांधलेल्या घरात एकटी वाट बघत बसलेली.
"या वर्षी खलास," अण्णा म्हणायचे. आणि आम्ही खुळे, ते मनावर घ्यायचो.

सेंड-ऑफ करायचं काम माझ्याकडे. केक, शाल, श्रीफळ, दोन शब्द. पहिल्या वेळी दोन शब्द बोलताना मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडं. अण्णा तव्यापाशी. तिकीट पुढे ढकललेलं.
आणि माझं श्रीफळ चटणीत.

"अण्णा, हे काय?"
"पीठ होतं हो भिजवलेलं. टाकून कसं जायचं?"

दुपारी शटर पडलं की तांदूळ-उडीद भिजत घालायचे, दुसऱ्या दिवसासाठी. हाताला सवयच ती. त्यामुळे उद्याचं पीठ कायम तयार आणि जाणं कायम परवावर.

असं तीनदा झालं. तीन शाली. तीन नारळांची चटणी. चांगली व्हायची, हे आणखी चीड आणणारं.

वनजाक्का मला फोन करून म्हणायच्या, "तुम बोलो ना, तुम्हारा सुनता है."
कुणाचं ऐकत होते डोंबल.

तिसऱ्या वेळी मी स्पष्ट सांगितलं, "अण्णा, आता चौथा सेंड-ऑफ नाही. एक दिवस भिजवू नका, झालं. इतकं सोपं आहे."
"सोपं असतं तर पुण्याहूनच घरी गेलो नसतो का?"


परवा त्यांचा फोन. "नारळ आणा."
"चटणीला का?"
"सेंड-ऑफला. फ्लाइट ठरली."
माझा काडीचा विश्वास बसला नाही. तरी नारळ आणला. कार्यक्रम आज संध्याकाळी होता.

सकाळी युसुफभाईंनी, अण्णांसोबत इतकी वर्षं स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांनी, हॉटेल उघडलं तर अण्णा आत बाकावर बसल्या बसल्या गेलेले. हार्ट.

आम्ही धावत पोचलो. नवरा कागदपत्रांच्या मागे लागला. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

भिजवायचं मोठं पातेलं घासून, पुसून, पालथं घातलेलं होतं.

"कल कुछ नहीं भिगोया," युसुफभाई म्हणाले. "मैंने पूछा भी. बोले, रहने दे."

म्हणजे या वेळी खरंच निघाले होते.

अहो अण्णा, हे गेल्या वर्षी नाही सुचलं? त्याच्या आधीच्या वर्षी? आम्ही काय ब्रेड खाऊन मेलो असतो? आता वनजाक्कांना मी काय सांगू, की आले असते हो, या वेळी नक्की आले असते?

शाल तुमच्याबरोबर पाठवतेय. नारळ मात्र माझ्याकडेच ठेवलाय. तुमचा काही भरवसा नाही.

जा आता, अण्णा. पीठ भिजवलेलं नाहीये.